अर्धी पावती

तोंडात चार टाचण्या धरून मास्तरबाई म्हणाल्या, "प्रोमेसा."

"आधी त्या टाचण्या काढा," स्टुलावर उभे असलेले कप्तान वरून म्हणाले. "ही भाषा तोंड उघडून बोलायची असते. आणि माझ्या घोट्याला टोचू नका."

"टोचलं तर जे ओरडाल ते स्पॅनिशमध्ये ओरडा. तेवढाच माझा एक शब्द वाढेल."

त्यांनी पँटचा पाय आतून दुमडला, खडूची रेघ मारली, एकेक टाचणी लावून तोंड मोकळं केलं आणि पुन्हा म्हणाल्या, "प्रोमेसा. वचन. झालं? पुढचा सांगा."

कप्तानांनी खिशातून कागद काढून चष्म्यासमोर धरला. ते कधीच कप्तान नव्हते. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होते आणि सुकाणू त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. पण निवृत्त होऊन गल्लीत राहायला आल्यावर त्यांनी जहाजाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, की लोकांनी कंटाळून त्यांना कप्तान करून टाकलं. स्पॅनिश ते जहाजावरच्या स्वयंपाकघरातल्या सोबत्याकडून शिकले होते. त्यामुळे भाज्या, भांडी, पाठदुखी आणि भांडण या विषयांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न आणि वचन हे विषय तिथे फारसे निघत नसत. त्यासाठी ते जुन्या सोबत्याला फोन करत, शब्द कागदावर उतरवून आणत आणि आपल्याला पहिल्यापासून येत असल्यासारखे शिकवत. गुरुदक्षिणा म्हणून मास्तरबाई त्यांच्या पँटी कमरेत सैल करून देत. या बाबतीत कप्तान नेमाने काम पुरवत होते.

"पालाब्रा," कप्तानांनी वाचलं. "पालाब्रा म्हणजे शब्द."

"नुसता बोलायचा, की द्यायचा?"

"दोन्ही. तिकडेही शब्द देतात, आपल्यासारखाच."

"मग झालं तर. देता येतो म्हणजे घेताही येत असणार." मास्तरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आणि विहिणीला काय म्हणायचं? आहे का काही, की नुसतं मॅडम?"

"कोन्सुएग्रा."

मास्तरबाई एकदम खूश झाल्या. इंग्रजीत विहिणीला सरळ शब्दच नाही, हे मुलीने सांगितल्यापासून त्यांचं त्या भाषेबद्दलचं मत वाईट झालं होतं. ज्या भाषेला विहीण माहीत आहे, तिच्यातली माणसं वागायला पक्की असणार, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"ऐकलंस का गं टाचणी? कोन्सुएग्रा!"

"ऐकलं," मागच्या टेबलावर कापड कापणारी टाचणी म्हणाली आणि कात्री चालवत राहिली.

ही त्यांची मुलगी. अंगाने बारीक, बापासारखी उंच, बोलणं थोडं आणि टोकदार; नाव तिला शाळेतच पडलं होतं. टेबल मात्र मास्तरबाईंच्या मापाचं होतं. दुकान सुरू झालं तेव्हा जुने मास्तर, म्हणजे टाचणीचे वडील, मशीनवर बसत आणि कापायचं काम बाईंकडे असे. बाई ठेंगण्या, म्हणून टेबल ठेंगणं. जुने मास्तर गेले, दुकानासोबत 'मास्तर' ही हाकही बाईंकडे आली, बाई मशीनवर बसल्या आणि कात्री टाचणीच्या हातात गेली. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

"पोक काढून उभी राहू नकोस. ताठ!" मास्तरबाई म्हणाल्या. हे त्या दिवसातून दहादा म्हणत. "पट्टा बांधलास का?"

"बांधलाय, आई."

पाठ दुखते असं टाचणी म्हणाली तेव्हा मास्तरबाईंनी तिला कमरेचा पट्टा शिवून दिला होता. दुहेरी कापड, मध्ये कॅनव्हास, मागे चार हुक. तो इतका उत्तम बसला होता, की गल्लीतल्या तिघींनी बघून तसाच स्वतःसाठी शिवून घेतला.

"पाठीला एस्पाल्दा म्हणतात," कप्तानांनी स्टुलावरून माहिती पुरवली. "आणि टेबल म्हणजे मेसा. मेसावर वाकून वाकून माझी एस्पाल्दा गेली."

"असले शब्द मला नकोत. मला वचनाचे सांगा. वेळ थोडा आहे."

वेळ खरोखरच थोडा होता. विहीणबाई तीन आठवड्यांनी साखरपुड्याला येणार होत्या आणि तोवर मास्तरबाईंना एका पावतीचं काम पक्कं करून घ्यायचं होतं.

दुकानाची एक पद्धत होती. पावतीच्या मधोमध तारीख मोठ्या अक्षरांत लिहायची आणि पावती त्या तारखेवरूनच फाडायची. अर्धी कपड्याला टाचायची, अर्धी गिऱ्हाइकाला द्यायची. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की दोन तुकडे जुळवायचे, आणि तारीख पुरी दिसली की काउंटरवरच्या उभ्या तारेत खोचून टाकायचे. तारेत गेलेलं काम संपलं. काम हातात पडण्याआधीच पावती तारेत गेली, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. बाकीचे शिंपी 'उद्या या' म्हणून गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावत. इथे तारीख म्हणजे तारीख.

चार महिन्यांपूर्वी टाचणीने घरात सांगितलं, की कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आलेल्या, आणि एकाच शर्टाचं एकच बटण तीनदा लावून घ्यायला दुकानात आलेल्या त्या परदेशी माणसाशी तिला लग्न करायचं आहे, आणि लग्नानंतर त्याच्या देशात जायचं आहे. माणसाबद्दल मास्तरबाईंची तक्रार नव्हती. बटण मुद्दाम तोडून आणतोय हे त्यांनी दुसऱ्या खेपेलाच ओळखलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं. तक्रार मुलगी जाणार याची होती. त्यांनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी टाचणीने पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि लिहिलं: 'नग: एक मुलगी. तारीख: लग्नानंतर दोन वर्षांनी. दोघंही इकडे, कायमची.' मग तारखेवरून पावती फाडली आणि अर्धी आईपुढे ठेवली.

मास्तरबाईंना हसू आलं. आठ दिवसांतलं पहिलं. टाचणीही हसली आणि कामाला लागली. मास्तरबाईंनी मात्र तो तुकडा घडी करून मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत ठेवला. त्यांच्या लेखी ती थट्टा नव्हती. काम घेतलं होतं, तारीख पडली होती. दोन वर्षं काय, हां हां म्हणता जातील. मग टाचणी येईल, दुकान तिच्या हातात जाईल. त्या दोन वर्षांच्या पलीकडे एकटं राहायचं म्हटलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून त्या विचाराला त्या पुढे सरकूच देत नसत.

राहता राहिली विहीण. मुलगा तिचा एकुलता एक. दोन वर्षांनी तिने अडवलं तर? तेव्हा शब्द तिच्याकडूनच घ्यायचा. समोरासमोर, तिच्या भाषेत, आणि मध्ये टाचणीला न घालता. मधल्या माणसाच्या तोंडून घेतलेलं माप कधी बरोबर येत नाही, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं.

त्यांनी मनात जुळवलेलं भाषण ऐकून कप्तानांनी हात जोडले. "एवढ्या लांब वाक्यात तुम्ही बुडाल, मास्तर. एकच आखूड वाक्य पकडा. कोन्सुएग्रा, दोस आन्योस. सु पालाब्रा. विहीणबाई, दोन वर्षं. तुमचा शब्द."

"ही विनंती झाली की धमकी?"

"ते तुमच्या आवाजावर आहे."

"आणि कायमचं?"

"पारा सिएंप्रे."

"आणि दिलेलं वचन पुरं झालं की?"

कप्तानांनी कागद उलटा केला. "प्रोमेसा कुंप्लिदा."

हा शब्द त्यांना सगळ्यांत जास्त आवडला. त्या दिवसापासून काउंटरवर दोन तुकडे जुळले की त्या "कुंप्लिदा!" म्हणत आणि पावती तारेत खोचत. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं दचकली. पंधरा दिवसांनी समोरच्या शाळेतल्या बाई दारातूनच विचारायला लागल्या, "मास्तर, झाली का माझ्या ब्लाउजची कुंप्लिदा?"

टाचणी हे सगळं ऐकत होती. मध्येच एकदा ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "आई, तुला त्यांच्याशी जे बोलायचंय ते मला सांग ना. मी बोलीन."

"तुझं तू बोल. माझं मी बोलते."

टाचणीने कापडाची घडी पुन्हा एकदा सारखी केली आणि कात्री उचलली.

विहीणबाई आल्या त्या रविवारी सकाळी, मुलाबरोबर. साखरपुडा संध्याकाळी मोजक्या माणसांत होता, पण त्याआधी त्यांना दुकान बघायचं होतं. मास्तरबाईंच्या ते पथ्यावरच पडलं. शब्द घ्यायचा तर आपल्या काउंटरवर घ्यावा, तार हाताशी असताना.

विहीणबाई सुतारकाम करतात हे मास्तरबाईंना माहीत होतं. हात मात्र आज पाहिले. आखूड केस, रुंद पंजे, डाव्या अंगठ्याचं नख हातोडीने काळं पडलेलं. खुर्ची पुढे केली तरी त्या बसल्या नाहीत. आधी मशीन पाहिलं, मग कापायच्या टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवला, खालून बोटाने ठोकून बघितलं, वाकून सांधा तपासला आणि मान डोलावली. दुसऱ्याचं काम असं बघणारं माणूस मास्तरबाईंना आवडे.

"कोन्सुएग्रा," त्या तोंड पूर्ण उघडून म्हणाल्या.

विहीणबाई चकित झाल्या. मग दोन्ही हातांनी त्यांनी मास्तरबाईंचे हात धरले आणि स्पॅनिशचा असा लोंढा सोडला, की त्यातून मास्तरबाईंच्या हाती फक्त 'ग्रासिआस', म्हणजे धन्यवाद, लागलं. काही बिघडलं नाही. आपलं वाक्य तयार होतं. त्यांनी श्वास घेतला, 'दोस' म्हणायला ओठ पुढे केले, आणि तेवढ्यात विहीणबाईंनी खिशातून फोन काढून त्यांच्यासमोर एक फोटो धरला.

फोटोत एक खोली होती. दोन मोठ्या खिडक्या, पांढरी भिंत, मधोमध नव्या लाकडाचं लांब टेबल, शेजारी उभा असलेला होणारा जावई.

"मेसा," विहीणबाई टेबलावर बोट ठेवून म्हणाल्या आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. मी केलं. मग त्यांनी टाचणीला जवळ ओढून तिच्या कमरेच्या वर हलकेच हात ठेवला. "एस्पाल्दा." त्या दुकानातल्या टेबलापाशी गेल्या, खांदे पाडून, मान वाकडी करून त्यावर ओणवल्या. हुबेहूब टाचणीचं पोक. तिथूनच त्यांनी फोनकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे. फोनवर बोलताना त्या इतके महिने हेच बघत आल्या होत्या. सरळ होऊन त्यांनी नापसंतीने मान हलवली, पुन्हा फोटोवर बोट टेकवलं आणि ठासून म्हणाल्या, "पारा सिएंप्रे."

"काय म्हणताहेत?" मास्तरबाईंनी विचारलं.

टाचणीचा चेहरा उतरला होता. "म्हणताहेत... घर हवेशीर आहे. दोन खिडक्या आहेत."

मास्तरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, हे कुणालाही दिसलं असतं.

त्यांनी फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. जावयाची उंची त्यांना ठाऊक होती, त्यामुळे टेप लागलाच नाही. अडतीस इंच. टाचणीच्या कोपराखाली बरोबर येईल असं. भिंतीवर कात्र्या अडकवायला खुंट्या, उजवीकडून डावीकडे मोठ्यापासून लहानापर्यंत, टाचणीला लागतात तशाच. आणि टेबलाचे पाय फरशीत पक्के बसवलेले. दोन वर्षांसाठी कुणी फरशी फोडत नाही.

दुकानातलं टेबल एकतीस इंच होतं.

गल्लीतल्या प्रत्येकाची मापं मास्तरबाईंना तोंडपाठ होती. कुणाचा डावा खांदा उतरलाय, कुणाचं पोट सुटलंय, कोण आजारातून उठलंय, हे त्या माणूस दारात असतानाच सांगत. आणि पोटची पोर आठ वर्षं त्यांच्या मागे सहा हातांवर सात इंच वाकून उभी होती, आणि त्यांनी तिला पट्टा शिवून दिला होता. उत्तम बसणारा. वर दिवसातून दहादा ताठ उभी राहा म्हणून सांगितलं होतं. जे समुद्रापलीकडच्या बाईला फोनच्या काचेतून दिसलं, ते त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना कितीतरी वर्षांत वाटली नव्हती.

जावई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता, जे त्याला वाचता येत नव्हतं. विहीणबाई एकदा टाचणीकडे, एकदा मास्तरबाईंकडे बघत होत्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना.

वाक्य अजून मास्तरबाईंच्या ओठांवर होतं. दोस आन्योस. सु पालाब्रा. ही बाई शब्द पाळणाऱ्यांतली आहे, हे त्यांनी हात बघूनच ओळखलं होतं. मागितला तर देईल. आणि दिला, तर दोन वर्षांनी ते टेबल स्वतःच्या हातांनी फरशीतून उपटून काढेल.

त्या मशीनपाशी गेल्या, खण उघडला, बॉबिनची डबी काढली.

"टाचणी, तुझी पावती काढ."

"कुठली?"

"वेड पांघरू नकोस. तुझी अर्धी."

टाचणीने पर्सच्या आतल्या कप्प्यातून तुकडा काढला. मास्तरबाईंचा तुकडा कोरा करकरीत होता. तिचा घड्यांवर फाटायला आला होता. तो किती वेळा उघडून वाचला असेल कोण जाणे.

"आई, मी सांगणार होते," ती म्हणाली. "रोज सांगणार होते. तू शब्द शिकत होतीस आणि मला..."

"आधी जुळव."

काउंटरवर दोन तुकडे शेजारी आले. तारीख पुरी झाली. मास्तरबाईंनी ते उचलले, तेव्हा टाचणीने त्यांचं मनगट धरलं.

"असं नाही करायचं. काम झालेलं नाही. अजून मी गेलेही नाहीये."

"इथे मास्तर कोण आहे?"

टाचणीने हात सोडला.

मास्तरबाई विहीणबाईंकडे वळल्या. "प्रोमेसा," त्या म्हणाल्या. ते तोंडातल्या तोंडातच राहिलं. भाषा तोंड उघडून बोलायची असते. "प्रोमेसा कुंप्लिदा."

आणि दोन्ही तुकडे त्यांनी तारेत खोचले, अगदी खाली, जुन्या पावत्यांना टेकेपर्यंत.

कुठलं वचन, कुणाचं, हे विहीणबाईंना कळलं नसावं. पण एखादं काम पुरं करून बाजूला ठेवलं, हे त्यांना कळलं. त्यांनी मगाशी टेबलाचा सांधा बघून डोलावली होती तशीच मान डोलावली. टाचणी आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती, आणि तेवढ्यासाठीही तिला बरंच वाकावं लागत होतं.

संध्याकाळी साखरपुडा छान झाला. मास्तरबाईंनी तिथे चारचौघांत आणखी सहा शब्द वापरले आणि कप्तानांनी प्रत्येक शब्दाला, हा मी शिकवला, म्हणून शेजारच्यांना सांगितलं.

सोमवारी टाचणी दुकानात आली तेव्हा शटर आधीच वर होतं. आतून ठोकण्याचा आवाज येत होता. विहीणबाई जमिनीवर पालथ्या पडून कापायच्या टेबलाच्या पायाखाली लाकडाचा तुकडा बसवत होत्या. बाकीच्या तीन पायांखाली दोन-दोन विटा आणि वर नेमक्या कापलेल्या फळ्या आधीच लागल्या होत्या. कप्तान टेबलाचा कोपरा उचलून धरून हाशहुश करत होते आणि मोठ्या रुबाबात स्पॅनिश बोलत होते. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरून ते भाज्यांबद्दल असावं.

मास्तरबाईंनी टेप लावला. "अडतीस. बस."

"दीड महिन्यासाठी एवढा खटाटोप?" कप्तान धापा टाकत म्हणाले. "पोरगी गेली की तुम्हालाच कापायचंय. तेव्हा परत माझी एस्पाल्दा कामाला लावाल."

"विटा निघणार नाहीत." मास्तरबाईंनी स्टूल टेबलापाशी ओढलं, त्यावर चढल्या आणि कोपर टेकवून उंची बघितली. "मला हे पुरतं. आणि ही कधी भेटायला येईल तेव्हा काय हात जोडून बसणार आहे? कापायचे चार कपडे तिच्यासाठी काढून ठेवीन."

त्या खाली उतरल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. टाचणीने कापड पसरलं, घडी सारखी केली, कात्री उचलली. मशीन सुरू झालं, दहा-बारा टाके पडले, आणि मास्तरबाई सवयीने मान वळवून म्हणाल्या, "पोक काढून..."

मग त्या थांबल्या. टाचणी ताठ उभी होती.

"काय म्हणालीस, आई?"

"काही नाही. बाही कापून घे. शाळेतल्या बाईंना आजची तारीख दिलीय."